आतेभाऊ अमेरिकेतून पाण्यातला कॅमेरा आणतो म्हणतोय, शेततळ्याला घ्यावा का?

शेततळं_अंबड

राम राम मंडळी. प्रश्न जरा येगळाच आहे, हसू नका.

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. परवा रात्री व्हिडिओ कॉल केला तर हा बाबा गोठलेल्या तलावावर तंबू ठोकून आत बसलेला, शेजारी शेगडी, पायापाशी बर्फाला पाडलेलं ताटाएवढं भोक अन् मांडीवर चिमुकला टीव्ही. म्हणलं काय बघायलास रे, तर त्यानं मोबाईल टीव्हीकडं फिरवला. खाली पाण्यात मासा गळापाशी येतो, थांबतो, नाक लावल्यासारखं करतो, मागं सरतो, परत येतो, सगळं स्वच्छ दिसायलंय. भोकातून वायर खाली सोडलीय अन् तिच्या टोकाला कॅमेरा. मी तर जेवण सोडून बघत बसलो, बायको म्हणली म्याच लागलीय का कुठं.

आता माझं काम सांगतो. ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, ३ मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. ऑगस्टात दीड हजार बोटुकली (माशाची बोटभर पिल्लं) सोडली, रोहू कटला मृगळ मिक्स, तेव्हापासून पेंड अन् कोंडा टाकायलो पण खाली किती जित्ते आहेत, किती बगळ्यानं नेले, किती उगंच मेले काही पत्ता नाही. त्यात आता एक व्यापारी आलाय, म्हणतो मार्चला मी माझी माणसं आणून सगळं ओढून नेतो, गुत्तं २५ हजाराला देऊन टाक, आत्ता विसार घे. द्यावं का न द्यावं हेच कळंना, कारण खाली दोनशे असतील तर मी जिंकलो अन् हजार असतील तर लुटलो गेलो.

म्हणून डोक्यात आलं की तो कॅमेराच मागवावा. आतेभाऊ फेब्रुवारीत लग्नाला येणार आहे, तिकडं साधारण आपले १८-२० हजार पडतील म्हणला. इकडं ऑनलाईन पण ७ इंच स्क्रीन अन् ३० मीटर वायरवाला साडेअकरा हजाराला दिसायलाय. शेततळ्यासंगं विहीर पण बघता येईल (७ परस आहे, मोटार गाळात रुतलीय का काय कळंना, पाणी कमी फेकायलीय), भावकीत चार बोअर आहेत ते बी बघता येतील, म्हणजे पैसे वसूल होतील असा माझा हिशोब. कुणी वापरलाय का असला कॅमेरा? घ्यावा का?

गोदाकाठचा

पाण्यात म्हैस अन् वर मोल म्हणतेत ते हेच 😄 तुमच्या व्यापाऱ्याला पण कॅमेरा नसून आकडा बरोबर सापडलाय बघा.

बाकी मला काही माहिती नाही, वाचायला बसलोय.

औसेकर_मिनेसोटा

दादा, मी मूळचा औसा तालुक्यातला, ९ वर्षं झाली इकडं आहे, अन् तुमच्या आतेभावासारखाच हिवाळ्यात तंबूत बसणाऱ्यातला आहे. त्यामुळं खरं ते सांगतो.

पहिल्यांदा हे समजून घ्या की इथं कॅमेरा एवढा भारी का चालतो. हिवाळ्यात तलावावर बर्फाचं झाकण बसतं, वारा नाही, लाट नाही, होडी नाही, गाळ ढवळला जात नाही. वर बर्फावर हिम पडलं की उजेड कमी होतो, शेवाळ वाढत नाही, पाणी आपोआप निवळतं. म्हणजे कॅमेऱ्याची करामत निम्मी अन् पाण्याची निम्मी. मी जातो ते मिल लॅक्स नावाचं तळं, पसारा नाथसागराहून मोठा पण सगळ्यात खोल जागी जेमतेम ४२ फूट. तिथं कॅमेरा सोडला की खालचे दगड मोजता येतात. तिथले लोक वॉलाय नावाचा मासा धरतात, त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, कॅमेऱ्यात आधी दोन दिवे दिसतात अन् मग मासा.

पण तोच कॅमेरा घेऊन मी वर रेड लेकला गेलो होतो, तिथलं पाणी चहासारखं तांबूस. दीडदोन फुटापलीकडं काही नाही. मी म्हणलं लाईट लावू, कॅमेऱ्याला पांढरे एलईडी असतात, तर आणखीच वाट लागली. धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर जसं समोर पांढरं फटक होतं ना, तसं, पाण्यातला कणन् कण चमकायला लागला. काही कॅमेऱ्यात न दिसणारा इन्फ्रारेड उजेड असतो, त्यानं मासा बुजत नाही हे खरं, पण तो उजेड पाणीच पिऊन टाकतं, चार हात पण पुढं जात नाही.

दुसरं म्हणजे इथले खरे मासे धरणारे कॅमेऱ्यावर विसंबत नाहीत, ते फ्लॅशर वापरतात. गोल डायल असलेलं सोनार, आवाज खाली सोडतं अन् परत आला की रंगात दाखवतं, जवळ मोठं काही असलं तर लाल, काठाला असलं तर हिरवं. त्याला पाणी गढूळ असो का काळं, फरक पडत नाही. साधारण २० अंशाचा त्याचा शंकू असतो, म्हणजे २० फूट खोलीवर ७ फूट रुंद चकती दिसली. पण तो नुसती रेघ दाखवतो, मासा कोणता ते सांगत नाही. मग लोक दोन्ही ठेवतात, फ्लॅशरनं मासा आलाय हे कळतं अन् कॅमेऱ्यानं कोण आलाय अन् का खात नाही हे कळतं. कॅमेऱ्याचं खरं सुख ते आहे, मासा आमिष तोंडात घेऊन थुंकतो अन् वर तुमच्या हाताला काही कळत पण नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्यानंतर माझी गळ टाकायची पद्धतच बदलली.

त्रास पण सांगतो. कॅमेऱ्याला वेगळं भोक पाडावं लागतं, चारपाच फूट लांब, नाहीतर मासा लागला की दोरी अन् वायर यांची वेणी होते. वायरला पीळ असतो त्यामुळं कॅमेरा गोल गोल फिरत राहतो, तुम्ही उत्तरेकडं बघताय म्हणून बसता अन् तो दक्षिणेकडं बघतो. थंडीत बॅटरी लवकर बसते. घरात आणला की काचेवर दव धरतं.

शेततळ्याला? माझ्या मते नको. पण तुमचं पाणी कसंय ते मला माहिती नाही, हिरवं आहे का?

शेततळं_अंबड

@औसेकर_मिनेसोटा लई भारी सांगितलं दादा. पाणी हिरवं आहे, शेण टाकतो ना दर पंधरा दिवसाला, कृषीवाल्यांनी सांगितलेलं. आतेभाऊ तर म्हणला घे डोळे झाकून.

एक आगाऊ प्रश्न, ते बर्फाला भोक पाडायचं गिरमिट असतं ते आपल्याकडं कुंपणाचे डांब रोवायला खड्डे घ्यायला चालंल का? ते त्यानं फुकट देतो म्हणलंय, जुनं पडलंय म्हणे.

मत्स्यमास्तर

शेण टाकता अन् पाणी हिरवं आहे, मग उत्तर तुम्हीच दिलंत की.

मी मत्स्यशेती शिकवतो म्हणून जरा मास्तरकी करतो, सहन करा. तळ्यातलं ते हिरवं म्हणजे प्लवंग, पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कटल्याचं अन् बोटुकलीचं बरंचसं अन्न तेच. आम्ही पोरांना शिकवतो की पाण्याची पारदर्शकता २५ ते ४० सेंटिमीटर असावी. कोपरापर्यंत हात बुडवा, तळवा दिसेनासा झाला की ठीक. मनगटालाच दिसेनासा झाला तर शेण बंद करा, नाहीतर पहाटे ऑक्सिजन संपून मासे वर येऊन तोंडं वासतील. अन् खांद्यापर्यंत हात घालूनसुद्धा बोटं स्वच्छ दिसली तर पाणी उपाशी.

आता बघा गंमत. कॅमेरा चालेल असं पाणी असेल तर मासे उपाशी आहेत, अन् मासे धष्टपुष्ट व्हावेत असं पाणी असेल तर कॅमेऱ्यात हिरव्या पडद्याशिवाय काही दिसणार नाही. कागदाच्या तळ्यात तर माती नाही, म्हणून मुद्दाम शेण घालून पाणी हिरवं करावं लागतं. म्हणजे कॅमेऱ्याला आंधळं करायला तुम्ही स्वतःच शेण टाकताय.

घ्यायच्या आधी एक परीक्षा करा, फुकटातली. घरातलं एक पांढरं ताट घ्या, मेलामाईनचं असलं तरी चालेल, मधे भोक पाडून दोरी बांधा, खाली दगड लटकवा अन् दुपारी १२ च्या आसपास हळूहळू सोडा. जिथं ताट दिसेनासं होतं तिथं दोरीला गाठ मारा, मोजा. त्याला शास्त्रात सेकी तबकडी म्हणतात, २० सेंटिमीटरची असते, काळी-पांढरी. तेवढ्याच्या आसपास कॅमेरा बघेल, थोडंफार इकडं तिकडं. वीतभर आलं तर १८ हजारात तुम्हाला वीतभर पाणी बघायला मिळेल.

अन् समजा पाणी काचेसारखं असतं तरी कॅमेऱ्यानं मोजणी होत नसती. तोच रोहू सातदा समोरून गेला तर तुम्ही सात मोजाल. व्यापाऱ्याला आकडा सांगायचा असेल तर खूण करून मोजा. ओढजाळ्यानं साठ मासे काढा, प्रत्येकाच्या पोटाखालच्या एका पराचं टोक कात्रीनं नखाएवढं कापा, हात ओले ठेवा, लगेच पाण्यात सोडा. दहाएक दिवस जाऊ द्या, मिसळू द्या. मग परत ओढा अन् जेवढे निघाले त्यात खुणेचे किती ते बघा. पहिल्यांदा खूण केलेले गुणिले दुसऱ्यांदा निघालेले, भागिले त्यातले खुणेचे. एवढंच. जाळं लई खोल कोपऱ्यातून नेऊ नका, कागद फाटेल, काठाची शिशाची गोळी कागदाला घासते.

आणखी एक, बोलल्याशिवाय राहवत नाही. ९ गुंठ्याच्या तळ्याला दीड हजार जास्त झाले. हेक्टरी १० हजार धरले तरी तुमचे ९०० होतात. पुढच्या वेळी बघा.

सिल्लोडचा_पाटील

मास्तरांचं बरोबर आहे पण मी थोडा उलटं बोलणार, कारण मी घेतलाय. स्वस्तातला. ऑनलाईनच.

पहिला नऊ दिवसात गेला. कॅमेऱ्याच्या बुडाला वायर जिथं आत जाते तिथून पाणी गेलं, स्क्रीनवर आधी मुंग्या आल्या अन् मग निळं. बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलेलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणला तुम्ही जास्त खोल सोडला असेल, मी म्हणलं अरे मासे बघायचा कॅमेरा आहे, मग काय बादलीत सोडू. महिनाभर भांडून निम्मे पैसे आले. दुसरा भावानं पुण्याहून आणला तो दोन वर्षं झाली चालतोय.

अन् माशाला नाही तर कागदाला वापरला. आमच्या तळ्यातून पाणी कमी व्हायलं होतं, बाष्पीभवनापेक्षा जास्त. तेव्हा तळं नवीन भरलेलं, मासे नव्हते, पाणी एकदम नितळ. काठाकाठानं बांबूला कॅमेरा बांधून फिरवला, उत्तरेकडच्या उताराला जोडाची शिवण उसवलेली दिसली, चक्क चार बोटं. तेवढ्याच जागेपुरतं पाणी उतरवून चिकटवून घेतलं. नाहीतर सगळं तळं रिकामं करावं लागलं असतं. तर अगदीच निरुपयोगी म्हणू नका.

पण भाऊ काठावरून वाकून बघायचं असलं तर एकट्यानं जाऊ नका. ओल्या कागदावर पाय ठरत नाही अन् एकदा आत गेलं की पोहणाऱ्याला पण वर येता येत नाही, दरवर्षी आपल्या भागात कुठं ना कुठं ऐकायला येतं. गाठी मारलेला दोर चारी बाजूनं सोडून ठेवा, जुनं ट्यूब ठेवा. मी कॅमेऱ्याच्या नादात एकदा ढोपरापर्यंत गेलो होतो.

मत्स्यमास्तर

@सिल्लोडचा_पाटील हे पटलं. नवं तळं, नितळ पाणी, कागदाची तपासणी, तिथं कॅमेरा हवाच. आणि दुसरी युक्ती पण सांगून ठेवतो, पाणी गळतंय अन् कॅमेरा नाही तर तसंच गळू द्या, काठावर रोज खूण करा. ज्या पातळीला येऊन उतरायचं थांबतं त्याच रेषेवर भोक असतं, रेषेभोवती एक चक्कर मारा सापडतं.

मोटारवाला_परळी

विहीर अन् बोअरचं मी सांगतो, तो माझा धंदा आहे. मोटारी काढायच्या, रिवाइंडिंग, सगळं.

बोअरचं डोक्यातून काढून टाका. तुमच्या त्या मासेवाल्या कॅमेऱ्याची वायर ३० मीटर म्हणजे शंभर फूट, अन् तुमच्या भावकीतले बोअर किती खोल आहेत? आपल्याकडं पाचशे सातशेच्या खाली कोण थांबतं आता. शंभर फुटात तुम्हाला केसिंग अन् खालचा काळा पाषाण दिसंल, पाण्यापर्यंत पण पोचणार नाही. अन् पोचला तर दाब आहेच, दर १० मीटर पाण्याला एक वातावरण वाढतं, मासेवाला कॅमेरा त्याला केलेला नसतो. शिवाय तो आडवा बघतो. बोअरला खाली बघणारा अन् आडवा फिरणारा असा दोन नजरेचा कॅमेरा लागतो, मधोमध ठेवायला पिंजरा असतो, ड्रमवर हजार फुटाची वायर. त्याच्या गाड्या फिरतात, मी मागच्या वर्षी गिऱ्हाईकासाठी बोलावला तर दोन हजार घेतले अन् झिरपा कुठल्या फुटाला आहे, गाळ कुठवर आहे, सगळं पेनड्राईव्हवर दिलं. चार बोअरला एकदम बोलावलं तर कमी पण करतील.

मोबाईलला लावायचा तो लहान एंडोस्कोप कॅमेरा पण कुणी सुचवंल. त्याच्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास, बस. विहिरीत सोडला की गेला. पाईपमध्ये उंदीर अडकलाय का बघायला चांगला.

विहिरीचं मात्र ज्याचं त्याचं. ७ परस म्हणजे तुमची साधारण चाळीस फूट, त्यात आत्ता पाणी किती आहे? पाणी नितळ असलं तर कॅमेरा खरंच कामाला येतो, मोटार गाळात बसलीय का, जाळीला कापड गुंडाळलंय का हे वर बसून कळतं, नाहीतर माणूस उतरवावा लागतो. पण आधी आरसा बघा ना. लग्नातला मोठा आरसा घ्या, दुपारी काठावर उभं राहून उन्हाचा कवडसा पाण्यात पाडा अन् दुसऱ्याला बघायला लावा. आमचे वडील असंच बघायचे, बादली पडली की आधी आरसा अन् मग गळ. २० फूट नितळ पाणी असलं तर तळ दिसतो.

अन् काही पण सोडायच्या आधी नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच काढा. पाण्यात वायर, हातात वायर, कॅमेऱ्याची बॅटरी बारा व्होल्टची असली तरी मोटार तीन फेजची असती.

औसेकर_मिनेसोटा

बारा व्होल्टवरून आठवलं. इथं कॅमेऱ्याला अन् फ्लॅशरला लोक १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद शिशाची बॅटरी वापरतात. ती बघून मला आपला पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप आठवला, त्यातली १२ व्होल्ट ८ ची असती, चुलत भाऊच म्हणा. म्हणजे आतेभावानं आणलाच तर बॅटरी तिकडून आणू नका म्हणावं, विमानात उगं कटकट, पंपाचीच लावा. लिथियमचे सेल असले तर हातातल्या बॅगेत ठेवायचे, लगेजमध्ये नाही.

अन् गिरमिट नको 😂 त्याची पाती बर्फासाठी ब्लेडसारखी धार लावलेली असतात, मी पण एकदा तळ्याच्या काठाजवळ उथळ जागी भोक पाडताना तळाच्या वाळूला लावली होती, सेकंदात गेली. आपल्या मुरमात दोन इंच जाणार नाहीत. इथं बर्फाच्या जाडीवर सगळं असतं, माणसाला चालायला कमीत कमी ४ इंच, ते पण नवा काचेसारखा स्वच्छ बर्फ असला तर. पांढरा भुसभुशीत असला तर दुप्पट लागतो. म्हणून गिरमिट मासे धरायला नाही तर आधी जाडी मोजायला लागतं, चार पावलं गेलं की एक भोक.

गोदाकाठचा

तुम्ही लोक बर्फावर जीव टांगून मासे बघता अन् आम्ही इकडं कागदावर घसरतो. कुठंबी गेलं तरी मासा खालीच अन् माणूस वरच टांगलेला.

अंबडवाले, ताट सोडलं का?

शेततळं_अंबड

सोडलं 🙏 उशीर झाला सांगायला, लई दिवसांनी आलो.

पहिल्या दिवशी बायकोनं ताटाला भोक पाडू दिलं नाही, मग पेंटच्या डब्याचं झाकण पांढरं रंगवलं. शेततळ्यात दोरीला गाठ मारली, मोजली, १३ इंच. पोरगं म्हणालं बाबा परत सोडा, परत सोडलं, साडेबारा. म्हणजे मास्तर तुमच्या हिशोबात पाणी बरोबर अन् कॅमेऱ्याच्या हिशोबात गेलं कामातून. मग तेच झाकण विहिरीत सोडलं तर बराच वेळ दिसतच राहिलं, सव्वानऊ फुटाला गेलं. विहिरीत पाणी आत्ता १८ फूट आहे.

आरसा पण केला. आईच्या कपाटाचा दारावरचा निखळलेला आरसा होता तो घेतला, पोरगं काठावर आरसा धरून अन् मी बाजूला पालथा पडून. कवडसा पाण्यावर पडला की आधी नुसतं डोळ्यावर चमकतं, मग पोराला म्हणलं जरा तिरका कर, अन् एकदम उजेडाचा खांब खाली गेल्यासारखा दिसला, त्यात धुळीचे कण फिरायलेले. झाकण सव्वानऊला दिसेनासं झालेलं, पण खांबात त्याच्या खालीवर काहीतरी हलताना दिसलं. मोटारीच्या जाळीला खताची पिवळी गोणी गुंडाळलेली, तिचं एक टोक पाण्यात हलायलेलं. मोटार गाळात नव्हतीच. गळ टाकून दोनतीनदा हुकली, चौथ्यांदा आली वर. मेन स्विच काढला होता @मोटारवाला_परळी, बायकोला स्विचपाशीच उभी केली होती. आता पाणी पहिल्यासारखं फेकायलीय.

अन् मासे. भोई वस्तीवरचे दोघं ओळखीचे आहेत त्यांना घेऊन जाळं ओढलं, ६० ला खूण केली. कात्री बारीक पाहिजे, पहिल्या दहाबारा माशांना मी जरा जास्तच कापलं, वाईट वाटलं. ११ व्या दिवशी परत ओढलं, ७५ निघाले, खुणेचे ७. म्हणजे ६० गुणिले ७५ भागिले ७, साधारण ६४०. पंचाहत्तरचं वजन २४ किलो भरलं, सरासरी ३२० ग्रॅम. कटले मोठे आहेत, मृगळ बारीक राहिलेत.

मास्तर ६४० म्हणजे दीड हजारातले निम्म्यापेक्षा जास्त गेले ना? मनाला लागलं.

मत्स्यमास्तर

उत्तम केलंत. सातच खुणेचे आले म्हणून ६४० ला घट्ट धरू नका, साडेतीनशेपासून बारातेराशेपर्यंत काहीही असू शकतं, आणखी एकदा ओढलं तर आकडा घट्ट होईल. पण दोनशे नक्की नाहीत अन् दीड हजार पण बहुतेक नाहीत.

गेलेले काही बगळ्यानं नेले असतील, पण जास्त पहिल्या महिन्यातच मेले असतील. बोटुकली आणली ती पिशवीतून थेट ओतली का? पिशवी तशीच पाण्यावर वीसएक मिनिटं तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं अन् मग सोडायचं. बहुतेक जण इथंच चुकतात.

शेततळं_अंबड

थेट ओतली. गाडीवाल्याला घाई होती.

बरं व्यापाऱ्याचं ऐका. परवा आला होता, मी वही दाखवली. मार्चपर्यंत साडेचारशे ग्रॅम जरी भरले तरी ६४० चे २८८ किलो होतात, किलोला १०० धरले तर २८ हजार वर, तुझं जाळं, माणसं, गाडी वजा केली की पंचवीसच्या आसपासच येतं असं म्हणलं. म्हणजे त्याचं २५ तसं लई वाईट नव्हतं, हे पण मला त्याच वहीनं कळलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणला पाण्यातलं कुणी मोजलंय का पाटील. म्हणलं ये, तुझ्यासमोर ओढतो. मंगळवारी येणार आहे. आता किलोवर बोलणी करायचं म्हणायलोय, गुत्तं नाही. काट्यावर जेवढं भरंल तेवढं.

कॅमेरा आतेभावाला नको म्हणून कळवलं. सिल्लोडच्या पाटलांचा कॅमेरा जूनमध्ये तळं रिकामं असताना कागद बघायला दोन दिवस मिळाला तर बरं होईल, डिझेल अन् जेवण माझ्याकडं.

सिल्लोडचा_पाटील

या की. पण भरल्यावर या, रिकाम्या तळ्यात कॅमेरा कशाला, डोळ्यांनी दिसतं.

शेततळं_अंबड

😂 ते बी खरं. आतेभाऊ म्हणायलाय मग गिरमिट तरी घे.